भिंतीवरचे छापील चित्र

प्रश्न : नव्या घरासाठी चांगले चित्र घ्यावयाचे आहे, परंतु मूळ चित्र ऐपतीबाहेरचे. छापील चित्र अथवा आजच्या कलावंतांचे पोस्टर घ्यावे काय? पारख कशी करावी?
— एक वाचक, सातारा

उत्तर : निःशंकपणे घ्यावे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत काढलेल्या छापखान्यातील शिलामुद्रित चित्रांनी ज्या प्रांतातील सामान्य गृहस्थांच्या भिंती सजविल्या, तेथे छापील चित्राला कमी लेखण्याचे प्रयोजन नाही. मात्र हव्या तितक्या प्रतींत यंत्राने छापलेले पोस्टर निराळे, आणि कलावंताने लाकडी ठसा, धातूचा पत्रा किंवा ताणलेली जाळी यांवरून मोजक्याच प्रतींत उतरविलेले मुद्राचित्र निराळे, हा भेद ध्यानी असावा. मुद्राचित्राखाली बहुधा पेन्सिलीने केलेली स्वाक्षरी आणि ‘७/५०’ अशी नोंद, म्हणजे पन्नासांतील सातवी प्रत, आढळते; तिची खातरजमा करून विक्रेत्याकडून लेखी दाखला घ्यावा, व कागद आम्लविरहित आहे काय हेही विचारावे.

नव्या दमाची पोस्टरे पाहावयाची तर मुंबईच्या सर ज. जी. उपयोजित कला संस्थेसारख्या कलाशाळांची विद्यार्थी-प्रदर्शने चुकवू नयेत. तेथे उद्याचे संकल्पनकार आजच भेटतात. चौकटीत काच चित्राला टेकू देऊ नये, आणि भिंत थेट उन्हाची नसावी.

शेवटी, किंमत वा कीर्ती पाहून नव्हे, तर ज्या चित्राकडे दृष्टी पुनःपुन्हा वळते, तेच घरी आणावे.