सभेत बोलण्याची पूर्वतयारी

भोर व वेल्हे (आता राजगड) या तालुक्यांच्या डोंगराळ भागात १ मेच्या ग्रामसभेपासून मृग नक्षत्र लागेपर्यंतचा काळ सभांना सोयीचा असतो. एकदा तरवा टाकला आणि पुढे लावणी सुरू झाली म्हणजे कोणास बसून ऐकण्याची सवड राहत नाही. भातलागवडीच्या सुधारित पद्धतीविषयी जे सांगावयाचे ते या पाच-सहा आठवड्यांतच सांगून झाले पाहिजे. या वेळी सांगितलेले श्रोत्यांस उमगले नाही, तर दुरुस्तीस पुढचे वर्ष उजाडते. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्याचे सभेतील दहा मिनिटांचे बोलणे हे हंगामाच्या कामांपैकीच एक काम समजावयास हवे. पेरणीपूर्वी बियाण्याची उगवण जशी पाहून घेतात, तशीच सभेपूर्वी भाषणाचीही परीक्षा व्हावयास पाहिजे.

कार्यकर्ता माहितीने कमी असतो असे नाही. बांधावर उभा राहून तो एकट्या शेतकऱ्याशी तासभर मोकळेपणाने बोलतो. तोच कार्यकर्ता देवळाच्या सभामंडपात उभा राहिला, समोर सरपंच व गावची वडीलधारी मंडळी बसली, की त्याचा घसा कोरडा पडतो. हातातील कागद थरथरू लागतो. मग तो मान खाली घालून पत्रक वाचून दाखवितो, श्रोते चुळबुळ करू लागतात आणि ती चुळबुळ पाहून तो अधिकच घाईने वाचतो. ही भीती लाज वाटण्याजोगी नव्हे. पुष्कळ वर्षे सभा गाजविलेल्यांनाही ती पूर्णपणे सोडून जात नाही. ती घालविण्यासाठी दीर्घ श्वास घ्यावा, कोणा ओळखीच्या माणसाकडे पाहून बोलावे, असे उपाय सांगितले जातात व त्यांचा थोडाफार उपयोगही होतो. परंतु शेतीच्या सभेत या भीतीचे मूळ बहुधा निराळे असते. पत्रकातील मजकूर वक्त्याच्या तोंडी असतो, हाती नसतो.

एकच विषय, श्रोत्यांच्या मापात

उदाहरणादाखल चारसूत्री भातलागवड हा विषय घेऊ. कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांनी पुढे आणलेल्या या पद्धतीत भाताच्या तुसाची राख व पेंढा यांचा पुनर्वापर, गिरिपुष्पाचा हिरवळीच्या खताप्रमाणे उपयोग, ठराविक अंतरावर नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या चिखलात खोचणे अशी चार सूत्रे आहेत. चारही सूत्रे एकाच सभेत सांगण्याचा मोह टाळावा. मे महिन्यातील सभेत लावणीचे अंतर व गोळी ही शेवटची दोन सूत्रे घेतली, तरी दहा मिनिटे अपुरी पडतात. उरलेली दोन दुसऱ्या बैठकीस ठेवावीत.

पत्रकात लिहिलेले असते की, गोळ्या हेक्टरी सुमारे १७० किलो लागतात. ज्याची सारी खाचरे मिळून पंधरा-वीस गुंठे भरतात, त्यास हेक्टरचा हा आकडा काय सांगणार? वक्त्याने हिशेब आधी घरी मांडावा. आळीपाळीने १५ व २५ सेंटिमीटर अंतर ठेवून लावणी केली, तर चार चुडांच्या एका चौकोनामागे ४० सेंटिमीटर लांब व तितकीच रुंद जागा येते. त्या हिशेबाने हेक्टरी ६२,५०० चौकोन होतात व तितक्याच गोळ्या लागतात. एक गोळी सुमारे २.७ ग्रॅम वजनाची असते; तेव्हा गुंठ्यास सुमारे ६३० गोळ्या, म्हणजे १.७ किलो. दहा गुंठ्यांच्या खाचरास १७ किलो. हा आकडा ऐकताच शेतकरी मनाशी पैशाचा हिशेब करू लागतो आणि तेथेच त्याचे लक्ष वक्त्याकडे लागते. अंतरेही अशीच सांगावीत. १५ सेंटिमीटर म्हणजे टीचभर, २५ म्हणजे वीत आणि वर थोडे, गोळीची खोली चार बोटे. मात्र वीत ज्याची त्याची वेगळी असते हेही सांगावे आणि लगेच खुणा केलेली दोरी सभेत ताणून दाखवावी.

ज्याने हा हिशेब स्वतः मांडला, दोरीला स्वतः खुणा केल्या आणि चिखलात दोन-चार गोळ्या आपल्या हाताने खोचून पाहिल्या, त्यास कागदाची गरज उरत नाही. हातात दोरी, खिशात गोळ्या आणि तळहातावर मावेल एवढ्या चिठ्ठीवर तीन आकडे, एवढे सामान पुरे होते. हातांस काही काम मिळाले म्हणजे त्यांचे थरथरणेही थांबते.

ऐकणारे कोण

या भागातील अनेक घरांतील तरुण पुण्या-मुंबईस नोकरीधंद्यासाठी जातात. लावणीच्या वेळी खाचरात वाकलेल्या असतात त्या मुख्यतः स्त्रिया. दोरीच्या खुणेवर चूड टेकविणार त्या, आणि सभेत पुढे बसणार पुरुष. मग आषाढात लावणी जुन्याच रीतीने झाली तर दोष कोणास द्यावा? ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. तिचा उपयोग करून हा विषय प्रथम तेथे मांडावा. त्या सभेत "मावशी, ही दोरी जरा धरा" असे म्हणून एखादीच्या हाती दोरीचे टोक दिले, म्हणजे व्याख्यान संपते व काम सुरू होते. दोरीने लावणीस वेळ अधिक लागतो ही तक्रार तेथेच उघड होईल. ती खोटी नाही. सवय होईपर्यंत वेळ लागतोच. वक्त्याने ते मान्य करावे आणि इर्जिकीच्या गटात दोरी धरण्याचे काम कोणाकडे द्यावे, हे त्यांनाच ठरवू द्यावे.

आधी मोठ्याने बोलून पाहणे

मनातल्या मनात केलेली तयारी सभेत टिकत नाही. भाषण मोठ्याने म्हणून पाहावे. प्रथम एकट्याने, मग घरच्या मंडळींसमोर, मग एखाद्या वाडीत पाच-सात माणसांत. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' सिद्ध केला, तेव्हा लिहून होईल तसतसा त्यातील भाग पुणे, मुंबई, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांस वाचून दाखविला होता. एवढ्या अधिकाराच्या लेखकाने आपले लिखाण श्रोत्यांपुढे ठेवून पाहिले, तर कार्यकर्त्याने वाडीवर एकदा बोलून पाहण्यात कमीपणा कसला? त्या लहान बैठकीत जे वाक्य दोनदा सांगावे लागले, ते मोठ्या सभेपूर्वी बदलावे. आरंभीचे एक वाक्य व शेवटचे एक वाक्य मात्र पाठ असू द्यावे, कारण वक्ता अडखळतो तो बहुधा या दोन ठिकाणी.

आरंभ योजनेच्या नावाने किंवा आभारांच्या यादीने करू नये. "गेल्या साली खाचरात फेकलेला युरिया पहिल्याच मोठ्या पावसात कोठे गेला?" असा प्रश्न विचारून थांबावे. राजगड-तोरण्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यास याचे उत्तर ठाऊक आहे. खाचरातले पाणी बांधावरून वाहिले की खत ओढ्याला लागते. उत्तर श्रोत्यांच्या तोंडून आले म्हणजे गोळी चार बोटे खोल का खोचावयाची हे निम्मे सांगून झाले. गाडगे महाराज (१८७६–१९५६) कीर्तनात असेच प्रश्न विचारीत व उत्तर लोकांकडून वदवून घेत. सभा बोलकी झाली म्हणजे वक्त्याच्या शिरावरचा भार निम्मा उतरतो. गावात कोणी ही पद्धत आधी करून पाहिली असेल, तर त्यास पाच मिनिटे बोलावयास उभे करावे. तो अडखळेल, पण त्याचे अडखळणे गाव समजून घेईल. त्यास एकच विनंती करावी, ती म्हणजे जेथे फसले तेही सांगावे.

प्रश्नोत्तरे

खरी कसोटी येथे लागते. समजा, एखादे वृद्ध शेतकरी उठून विचारतात, "भाऊसाहेब, आमचा आंबेमोहोर उंच वाढतो. या गोळ्यांनी तो लोळणार नाही का?" प्रश्न अगदी योग्य आहे. आंबेमोहोर उंच व नाजूक काडीचा. नत्र अधिक झाले तर तो कापणीपूर्वीच आडवा होतो. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ साली प्रसारित केलेला इंद्रायणी हा आंबेमोहोर १५७ व आयआर ८ यांच्या संकरातून आलेला वाण तितका लोळत नाही. एवढे वक्त्यास ठाऊक असेल, पण आंबेमोहोरास गोळ्या किती कमी कराव्यात हे ठाऊक नसेल, तर काय करावे? सभेत मान खाली जाऊ नये म्हणून "काही होत नाही, बिनधास्त घाला" असे ठोकून द्यावेसे वाटते. असे उत्तर दिले आणि आश्विनात भात लोळला, तर नुकसान त्या वृद्धाचे होते आणि पुढल्या वर्षी सभामंडपात सतरंजीही कोणी अंथरत नाही.

त्याऐवजी म्हणावे, "बाबा, इंद्रायणीचे मी सांगू शकतो. आंबेमोहोराचे मला खात्रीने ठाऊक नाही. वडगावला विचारून लावणीच्या आत तुम्हांला सांगतो." आणि सर्वांच्या देखत तो प्रश्न, विचारणाऱ्याचे नाव व येण्याचा दिवस वहीत लिहून घ्यावा. त्या दिवशी पाऊस असो वा नसो, उत्तर घेऊन त्यांच्या घरी जावे. तरव्याच्या वाफ्याशीच भेट झाली तर अधिक चांगले. तेथे जमलेली चार माणसेही ते ऐकतील.