सहा आठवडे पाणी कोण भरणार?

शास्त्रवाचन : लूक 1:39-56



आगमनकाळात हा उतारा आपण दरवर्षी वाचतो. मरीयेची भेट, अलीशिबेचा आनंद आणि मरीयेचे स्तोत्र झाले की आपण पुस्तक मिटतो. यंदा मी शेवटच्या, 56व्या वचनावर अडकलो. मरीया अलीशिबेकडे सुमारे तीन महिने राहून मग घरी परतली, एवढेच लूक तिथे सांगतो. अडकण्याचे कारण आमच्या घरात होते.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या पत्नीची गर्भपिशवी काढण्याची शस्त्रक्रिया झाली, तीही पोट उघडून. सहा आठवडे काही जड उचलायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. मोजले तर ते सहा आठवडे नाताळाच्या दिवशी पुरे होत होते. कारणही त्यांनी समजावून दिले. वरच्या कातडीचे टाके काही दिवसांत निघतात आणि जखम भरल्यासारखी दिसते. पण पोटाच्या आतला जो मजबूत थर ताण सोसतो, त्याला पक्के धरायला कित्येक आठवडे लागतात. त्याआधी भार पडला तर तो थर फाकतो आणि आतडे तिथून बाहेर येऊ पाहते. त्याला हर्निया म्हणतात. बाई घरात हिंडू-फिरू लागली की सगळ्यांना वाटते, बरी झाली. धोका नेमका त्याच दिवसांत असतो.

पहिले दोन आठवडे आम्ही बरे निभावले. मुलगी दहावीला आहे. ती शाळेआधी भाकऱ्या टाकायची. वरण माझ्याकडे. ते रोज एकाच चवीचे होत नसे, पण कोणी तक्रार केली नाही. जालन्यात राहणाऱ्यांना नळाचे वेगळे सांगायला नको. पाणी रोज येत नाही. आले की ड्रम, हंडे, पातेली सगळे भरून ठेवावे लागते. ते काम मी अंगावर घेतले होते.

तिसऱ्या आठवड्यात भोकरदन तालुक्यातल्या एका भिल्ल वस्तीवर ब्लँकेट वाटायला गेलो. कापूस वेचून आलेल्या बाया जमल्या होत्या. पत्नी का आली नाही ते मी सांगितले. एका बाईने विचारले, “मग घरी पानी कोन भरतं?”

“मी भरतो,” मी जरा ऐटीतच म्हणालो.

ती हसली. तिचे स्वतःचे कुटुंब नियोजनाचे ऑपरेशन झाले, तेव्हा चौथ्या दिवशी ती हंडा घेऊन हापशावर गेली होती. आता खोकले की तिच्या पोटावर गोळा उभा राहतो. “घरात दुसरं कोन व्हतं?” एवढेच ती म्हणाली.

संध्याकाळी घरी पोहोचलो तर दोन्ही ड्रम काठोकाठ भरलेले आणि पत्नी भिंतीकडे तोंड करून निजलेली. दुपारी अचानक नळ आला होता, मुले शाळेत होती. “पुन्हा कधी येईल म्हणून भरलं,” ती म्हणाली. पंधरा लिटरच्या हंड्यात पंधरा किलो पाणी मावते, हंड्याचे वजन वेगळे. रात्री पोटात कळा आणि रक्तस्राव सुरू झाला. रिक्षाने दवाखान्यात नेताना मला प्रार्थनाही धड सुचली नाही. देवाच्या दयेने आतला थर शाबूत होता. दोन दिवस ठेवून घेतले आणि घरी सोडले. चूक तिची नव्हती. त्या दिवशी पाण्यासाठी शेजाऱ्यांना सांगून जायला मला लाज वाटली होती. लोकांना मदत नेऊन देणाऱ्याने मदत कशी मागावी, असा तो ताठा होता.

दवाखान्यात तिच्या उशाशी बसून मी पुन्हा लूक उघडला. देवदूत मरीयेला अलीशिबेचा सहावा महिना असल्याचे सांगतो. सहा आणि तीन, नऊ. म्हणजे दिवस भरत येईपर्यंत मरीया तिथे होती. अलीशिबा उतारवयातली, आणि जखऱ्या मुका झालेला. (निदान “मला काय विचारतेस?” असे तरी तो म्हणू शकत नव्हता.) नासरेथाहून यहूदाच्या डोंगराळ भागापर्यंतची वाट कित्येक दिवसांची. एवढी वाट चालून आलेली मुलगी तीन महिने नुसती स्तोत्र गात बसली असेल का? विहिरीवर कोण जात होते, ते लूक लिहीत नाही. हा माझा तर्क आहे, शास्त्रात तसे म्हटलेले नाही. पण ज्या घरात पाणी भरावे लागते, त्या घरात हा प्रश्न पडतोच.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे आता गरिबांच्या पुष्कळ शस्त्रक्रिया मोफत होतात. औषधाची पिशवी मिळते. हंडा उचलणारे माणूस मात्र कोणत्याही योजनेत मिळत नाही, आणि मजुरी बुडवून घरी बसणे वस्तीवर कोणाला परवडत नाही. इतकी वर्षे आम्ही तिथे आरोग्याचे तक्ते दाखवत आलो, पण पाणी कोण भरते ते कधी विचारले नव्हते.

नाताळाच्या आधीच्या आठवड्यात मंडळीतल्या भगिनी आमच्याकडे करंज्या करायला आल्या. पत्नी खुर्चीवर बसून सारण भरत होती, मी तळणाजवळ. नळ आला तेव्हा शेजारचे दोन तरुण न सांगता हंडे घेऊन आले.

वस्तीवरल्या त्या बाईचे हर्नियाचे ऑपरेशन जानेवारीत ठरले आहे. परवा तिच्या अंगणात बसून पाण्याच्या पाळ्या लावल्या. दोन शेजारणींनी सकाळ वाटून घेतली. संध्याकाळचे कोणी बोलेना. तिचा नवरा बराच वेळ जमीन उकरत बसला होता. मग उठला आणि सायकलला दोन कॅन बांधता येतात का ते पाहू लागला.