चरित म्हणजे शिक्का नव्हे
(सहा स्वभावांचा धम्मातील विचार : एक अभ्यास)



जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, अशी म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. एखाद्या माणसापुरती ती थट्टेत खपून जाते. परंतु हीच म्हण एखाद्या सबंध जातीला लावली की तिचा कायदा होतो. ज्या समाजाने आपल्याला जन्मावरून ओळखले, त्याने आपला स्वभावही जन्मावरूनच ठरवून टाकला होता. म्हणून माणसांचे प्रकार पाडण्याचा प्रश्न आपल्यासाठी केवळ करमणुकीचा नाही. प्रकार पाडावेत की नाही, आणि पाडलेच तर कशासाठी, याचा विचार धम्माच्या आधारे करणे हा या लेखाचा हेतू आहे.

सहा चरिते

आचार्य बुद्धघोष यांनी इसवी सनाच्या पाचव्या शतकात श्रीलंकेत 'विसुद्धिमग्ग' हा ग्रंथ रचला. गोव्यात जन्मलेले आपले धर्मानंद कोसंबी यांनी त्याचे संपादन केले व 1940 मध्ये तो मुंबईहून देवनागरी लिपीत प्रसिद्ध झाला. या ग्रंथाच्या तिसऱ्या परिच्छेदात साधकांचे सहा स्वभाव सांगितले आहेत. त्यांना 'चरित' असे म्हणतात.

1) रागचरित : ज्याचे मन आवडत्या वस्तूंत गुंतते तो.
2) दोसचरित : ज्याला पटकन राग येतो, दोष आधी दिसतो तो. (पाली 'दोस' म्हणजे द्वेष.)
3) मोहचरित : जो गोंधळलेला असतो, इतरांचे पाहून वागतो तो.
4) सद्धाचरित : श्रद्धाळू, मोकळ्या हाताचा.
5) बुद्धिचरित : पारखून घेणारा, विचारी.
6) वितक्कचरित : ज्याच्या डोक्यात सतत विचारांची वर्दळ असते तो.

ही चरिते ओळखावीत कशी? चालणे, काम करणे, जेवणे, पाहणे अशा रोजच्या वागण्यावरून. ग्रंथातील अंगण झाडण्याचे उदाहरण आपल्या विहारातही ताडून पाहता येईल. रागचरित मनुष्य खराटा नीट धरून, घाई न करता, अंगण स्वच्छ व सारखे झाडतो. दोसचरित खराटा घट्ट आवळतो, घाईघाईने खरखर आवाज करत दोन्ही बाजूंना माती उडवतो. मोहचरिताच्या हातात खराटा सैल असतो. केर हलतो, पण अंगण काही निघत नाही.

दोष आणि गुण शेजारी

या विवेचनातील सर्वांत मोलाचा भाग पुढे आहे. आचार्यांनी सहा चरितांच्या जोड्या लावल्या आहेत. रागाच्या जोडीला श्रद्धा, द्वेषाच्या जोडीला बुद्धी आणि मोहाच्या जोडीला वितर्क. रागी माणूस विषय सोडत नाही, श्रद्धावान शील सोडत नाही; दोघांतही धरून ठेवण्याची शक्ती सारखीच. द्वेषी माणूस नसलेले दोष शोधतो, बुद्धिमान असलेले दोष शोधतो. दोघांचीही नजर तीक्ष्ण. म्हणजे संतापी मुलगा वाया गेलेला नसतो. त्याच्या तीक्ष्ण नजरेला योग्य विषय मिळाला की तोच उत्तम अभ्यासक होऊ शकतो.

म्हणूनच चरित ओळखल्यावर ग्रंथ थांबत नाही, तर प्रत्येकाला वेगळी साधना देतो. द्वेष असणाऱ्यास मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा या भावना. मोह व वितर्क असणाऱ्यांस आनापानसती, म्हणजे श्वासावरील स्मृती. वैद्य नाडी पाहतो ती औषध देण्यासाठी, रोग्याच्या कपाळावर रोगाचे नाव गोंदण्यासाठी नव्हे.

ओळखणाराही चुकतो

या बाह्य खुणा मूळ पालीत किंवा अट्ठकथेत सर्वस्वी आलेल्या नाहीत, त्या आचार्यांच्या मतावर आधारलेल्या आहेत, म्हणून त्यांना अंतिम सत्य मानू नये, असे स्वतः बुद्धघोषांनीच बजावले आहे. द्वेषी स्वभावाचा मनुष्यही जागरूक राहिला तर त्याचे वागणे वेगळे दिसू शकते.

धम्मपदाच्या अट्ठकथेत याचे सुंदर उदाहरण आहे. सोनाराच्या घरचा एक तरुण भिक्खू झाला. तरुण आहे म्हणजे मनात राग असणार, असे समजून सारिपुत्त स्थविरांनी त्याला शरीराच्या अशुभतेवर ध्यान करण्यास दिले. त्याचे मन काही केल्या एकाग्र होईना. तथागतांनी ओळखले, की हा सोन्याच्या नाजूक कामात रमलेला जीव आहे. त्यांनी त्याला सुंदर कमळ पाहण्यास दिले. ते कमळ डोळ्यांदेखत कोमेजले आणि त्याला अनित्यता उमगली. प्रज्ञेत अग्रगण्य असलेले सारिपुत्तही जेथे चुकले, तेथे आपण कोण?

चूळपन्थकाचीही कथा अशीच. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ झाली नाही, म्हणून थोरल्या भावाने त्याला विहार सोडून जाण्यास सांगितले. तथागतांनी त्याला एक स्वच्छ वस्त्र हाताने चोळत राहण्यास दिले. वस्त्र मळत गेले आणि त्याची दृष्टी उघडली. तो मंद नव्हता. त्याची पाटी वेगळी होती.

शिक्क्यांचा इतिहास

आता दुसरी बाजू पाहू. चातुर्वर्ण्याचे समर्थक म्हणत, की वर्ण हे गुणांवर आधारलेले आहेत. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 च्या 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या भाषणात या युक्तिवादाला उत्तर दिले. ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटो यानेही माणसांचे तीन वर्ग कल्पिले होते. बाबासाहेबांचा आक्षेप असा, की प्रत्येक व्यक्ती वेगळी असते, तिच्यात अनेक प्रवृत्तींचे मिश्रण असते. माणसांना तीन-चार कप्प्यांत कायमचे कोंबणे म्हणजे माणसाविषयीचे अज्ञान होय.

इंग्रजांनीही हेच केले. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सबंध जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. 'लढाऊ जाती'च्या सिद्धान्तामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद झाली. 1818 च्या कोरेगावच्या लढाईत पडलेल्या महार सैनिकांची नावे स्तंभावर कोरलेली असतानाही त्यांच्या वंशजांना 'लढाऊ नाहीत' असे सांगण्यात आले! पुढे 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तो शिक्का पुसला गेला.

आजच्या चाचण्या

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी 1921 मध्ये अंतर्मुख व बहिर्मुख असे भेद मांडले. त्या आधारे अमेरिकेतील मायर्स व ब्रिग्ज या मायलेकींनी सोळा प्रकारांची चाचणी तयार केली. आज अशा चाचण्या मोबाईलवर मिळतात, नोकरीच्या मुलाखतीतही काही ठिकाणी घेतल्या जातात. परंतु काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली असता पुष्कळांचा प्रकार बदलतो, असा आक्षेप संशोधकांनी घेतला आहे. म्हणून अनेक अभ्यासक ठरीव प्रकारांऐवजी 'कोणता गुण किती प्रमाणात' असे मोजणे पसंत करतात. आपल्या मुलांनी अशा निकालाने हुरळून जाऊ नये, हिरमुसूनही जाऊ नये.

साहित्यातील दोन माणसे

कथा-कादंबऱ्यांतील पात्रांवर हा अभ्यास चांगला करता येतो. अण्णाभाऊ साठे यांचा 'फकिरा' (1959) घ्या. तो शस्त्र उचलतो म्हणून त्याला दोसचरित म्हणावे, तर उपाशी माणसांच्या पोटासाठी तो जीव धोक्यात घालतो आणि शेवटी आपल्या माणसांच्या सुटकेसाठी स्वतःहून सरकारच्या स्वाधीन होतो. सरकारदप्तरी तो दरोडेखोर, वाचकाच्या मनात करुणावान. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (2013) चित्रपटातील जब्या काळ्या चिमणीमागे हिंडतो, स्वप्ने पाहतो. त्याला रागचरित वा वितक्कचरित म्हणता येईल. पण अखेरीस त्याच्या हातात दगड येतो. त्याचा स्वभाव बदलला, की गावाने तो बदलायला लावला? हा प्रश्न विद्यार्थ्यांनी वर्गात अवश्य चर्चेला घ्यावा.

दिशा महत्त्वाची

अभिधम्मपिटकाच्या 'पुग्गलपञ्ञत्ति' या चौथ्या ग्रंथातही माणसांचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी चार सर्वांनी लक्षात ठेवावेत : अंधारातून अंधाराकडे जाणारा, अंधारातून प्रकाशाकडे जाणारा, प्रकाशातून अंधाराकडे जाणारा आणि प्रकाशातून प्रकाशाकडे जाणारा. माणूस कोठे जन्मला हे येथे नाकारलेले नाही. पण पुढची वाट ठरते ती त्याच्या आचरणाने.

तेव्हा कोणतेही वर्गीकरण समोर आले की एकच कसोटी लावावी : याने माणसासमोरचे दार उघडते की बंद होते? पालकांनी मुलाला 'मठ्ठ' किंवा 'तापट' म्हणण्याआधी चूळपन्थकाची आठवण करावी. विद्यार्थ्यांनी आठ दिवस एका वहीत आपला राग, ओढ, गोंधळ केव्हा व कशाने उठतो ते लिहून पाहावे. चरित ओळखायचे ते आधी स्वतःचे, आणि तेही ते पालटण्यासाठी.

जयभीम! नमो बुद्धाय!