वर्षाचा ताळेबंद आणि वेचलेले तांदूळ



चैत्र शुद्ध प्रतिपदेला आपले नवे वर्ष सुरू होते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे एका दारी गुढी उभी असते, तर शेजारच्या दारी युगादीचा बेवु-बेल्ल वाटला जातो. कित्येक घरांत तर दोन्ही होते. कडुलिंब आणि गूळ दोहींकडे तेच. याच सुमारास दुकानदाराचेही वर्ष संपते. पूर्वी पुष्कळ व्यापाऱ्यांच्या वह्या दिवाळीच्या पाडव्याला बदलत. १९८९-९० या करनिर्धारण वर्षापासून आयकरासाठी सर्वांनाच ३१ मार्च ही एकच अखेर धरावी लागली. वहीपूजन दिवाळीतच राहिले, ताळेबंद मात्र मार्चात गेला. त्यामुळे आपल्याकडील व्यापारी गृहस्थाला चैत्रात दोन्ही गोष्टी एकदमच कराव्या लागतात. सरकारसाठी वर्षाचा हिशेब आणि स्वतःसाठी वर्षाचा संकल्प. या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध आहे काय, हा या पाठाचा विषय आहे.

इथे एखादा अभ्यासू वाचक हरकत घेईल. बसवादी शरणांनी वार, तिथी, नक्षत्र पाहून शुभाशुभ ठरविण्याची चाल नाकारली. लिंगनिष्ठाला सर्व दिवस सारखेच, असे त्यांनी परोपरीने सांगितले. मग साडेतीन मुहूर्तांपैकी एक म्हणून गाजलेल्या पाडव्याचे आपल्याला एवढे कौतुक कशाला? हरकत रास्त आहे. त्या दिवसात काही वेगळे सामर्थ्य आहे असे आमचेही म्हणणे नाही. कीर्दीचे पान कुठे तरी उलटावे लागते आणि बेरीज कुठे तरी मारावी लागते, एवढ्यापुरताच पाडवा. संकल्प मुहूर्तावर केल्यामुळे फळतो असे एकदा मानले, की तो मोडला तर खापर ग्रहांवर फोडता येते. शरणांनी ही पळवाटच बुजवून टाकली होती.

हिशेब हा शब्द शरणसाहित्यात परका नाही. महात्मा बसवेश्वरांचे कायकच हिशेबाचे होते. आजच्या सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे येथे त्यांनी बिज्जळाच्या पदरी करणिकाचे, म्हणजे जमाखर्च लिहिण्याचे काम केले. पुढे कल्याणात ते राज्याचे भांडारी झाले. भांडारातील द्रव्य जंगमांवर उधळले जात आहे, अशी कागाळी विरोधकांनी राजाच्या कानी घातली, तेव्हा भांडाराची मोजदाद झाली आणि तूट निघाली नाही, अशी कथा बसवपुराणाच्या परंपरेत सांगतात. तेराव्या शतकातील पाल्कुरिकी सोमनाथांचे तेलुगू बसवपुराण आणि १३६९ मधील भीमकवींचे कन्नड बसवपुराण यांनी ही परंपरा घरोघर पोचविली. पुराणकथेत चमत्कार असतो, तो बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. ज्या पुरुषाच्या महामनेत रोज दासोहाच्या पंगती उठत होत्या, त्याच्याकडे राज्याचे भांडार वेगळे आणि आपली मिळकत वेगळी होती. दान मोठे आहे म्हणून हिशेब ढिला चालेल, ही सवलत त्यांनी स्वतःला घेतली नाही.

आता आपली कीर्द उघडू. ज्यांनी जुन्या पद्धतीची वही पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल, की दिवस सुरू करताना आदल्या दिवशी हाती उरलेली रक्कम ‘श्री शिल्लक’ म्हणून आधी मांडतात आणि मग आजची जमा लिहितात. शिल्लक मांडल्याशिवाय दिवस उघडत नाही. गेल्या वर्षाचे चिंतन म्हणून आपण जे करतो त्यात नेमके हेच राहून जाते. अमुक तीर्थाला गेलो, मुलाचे लग्न झाले, इतकी प्रवचने ऐकली, घराचा वरचा मजला बांधला, ही सारी उलाढाल झाली. हाती काय उरले, आणि त्यातले आपले किती, परक्याचे किती, हे पाहिलेच जात नाही.

हे पाहावे कसे, ते शिकविणाऱ्या गुरू आहेत शरणी लक्कम्मा. आय्दक्कि मारय्या आणि लक्कम्मा हे दांपत्य आजच्या रायचूर जिल्ह्यातील लिंगसुगूर तालुक्यातल्या अमरेश्वर गावाहून कल्याणला आले. ‘आय्दक्कि’ म्हणजे वेचलेले तांदूळ. महामनेच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचून आणायचे, ते शिजवून लिंगाला अर्पायचे, जंगमांना वाढायचे आणि मग प्रसाद म्हणून स्वतः घ्यायचे, हे त्यांचे कायक. लक्कम्मांच्या नावावर थोडीच वचने आहेत, पण त्यातील विचार धारदार आहे. या दांपत्याचा प्रसंग शून्यसंपादनेत आला आहे. शून्यसंपादना हा शरणांच्या संवादांच्या रूपाने गुंफलेला ग्रंथ. पंधराव्या शतकात शिवगणप्रसादी महादेवय्यांनी तो प्रथम सिद्ध केला आणि पुढे इतरांनी त्याची फेररचना केली.

प्रसंग दोन टप्प्यांत आहे आणि वर्षाच्या हिशेबाला दोन्ही लागतात. पहिल्या टप्प्यात मारय्या अनुभवाच्या चर्चेत रंगले आहेत. विषय उंच आहे, श्रोते थोर आहेत, वेळेचे भान नाही. लक्कम्मा येऊन आठवण देतात की कायकाची वेळ टळते आहे. थांबून विचार करा, त्या पतीला कशातून उठवीत आहेत? जुगारातून नव्हे, सत्संगातून. गेल्या वर्षी आपण किती सप्ताहांना बसलो हे मोठ्या समाधानाने सांगणाऱ्यांनी (आणि मासिकाचा अंक हाती आला की दुकानावरच्या पोराला ताटकळत ठेवणाऱ्यांनीही) हा टप्पा पुन्हा वाचावा. चर्चेला शरणांच्या लेखी मोल होते म्हणून तर अनुभवमंटप उभा राहिला. पण ती कायकाच्या जागी बसू शकत नाही.

मारय्या धावत जातात आणि त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त तांदूळ घेऊन येतात. बसवण्णांनीच परीक्षेसाठी तांदूळ अधिक सांडून ठेवविले होते, असे काही जण सांगतात. घरी आल्यावर लक्कम्मा ते पाहतात आणि विचारतात, आज हे इतके का? ही आशा कुणाची, आणि कशासाठी? नेहमीचे मापटे पुरत होते, मग अधिक का उचलले? त्या पतीला आल्या पावली परत पाठवितात आणि जास्तीचे तांदूळ जिथून आणले तिथेच टाकून यायला लावतात.

आता आपण वकिली करून पाहू. चोरी झाली होती काय? नाही, तांदूळ सांडलेलेच होते. कुणाचे नुकसान झाले होते काय? नाही. ते स्वतःच्या चैनीसाठी होते काय? तेही नाही, उद्या जंगमांच्याच पानात पडले असते. मग चुकले कुठे? आपल्यापैकी बहुतेकांचे वर्ष याच तीन उत्तरांवर सुरळीत पार पडते. लक्कम्मांची आक्षेपाची जागा वेगळी आहे. ठरलेले माप ओलांडले गेले आणि ओलांडणाऱ्याला ते जाणवलेसुद्धा नाही, एवढे त्यांना पुरेसे होते. देवाच्या नावावर आलेली जास्तीही त्यांनी जास्तीच मानली. दासोह हा कायकातून व्हायचा असतो. कायकाच्या मापाबाहेर हाती आलेले देवापुढे ठेवले म्हणून ते शुद्ध होत नाही. हे लिहिताना मठाला येणाऱ्या देणग्या आम्ही वगळत नाही. तराजूत मारलेले, हमालाच्या मजुरीतून कापलेले, भावाच्या वाटणीत दाबलेले पैसे पावती फाडून इथे जमा झाले, तरी खतावणीत ते देणेच राहतात.

म्हणून वर्षाचा आढावा घेताना एकच प्रश्न धरावा: मापाबाहेरचे काय आले, आणि ते कुणाचे होते? व्यापाऱ्याने हा प्रश्न भाव चढला तेव्हा जुन्या मालावर घेतलेल्या नफ्याला विचारावा. नोकरदाराने कचेरीच्या वेळेत केलेल्या घरच्या कामांना विचारावा. मुलाच्या लग्नात ‘आम्ही काही मागितले नाही, त्यांनीच हौसेने दिले’ असे सांगणाऱ्या आईबापांनी तर तो अवश्य विचारावा, कारण ‘सांडलेलेच होते’ ही सबब इथे सर्वांत जास्त चालते. मानाचेही असेच आहे. समाजाच्या कार्यक्रमात दुसऱ्याच्या कष्टाचा हार आपल्या गळ्यात पडला असेल, तर तो काढून योग्य गळ्यात घालण्याला अजूनही उशीर झालेला नाही. येणे आपल्याला तोंडपाठ असते. देणे मात्र वही उघडल्याशिवाय आठवत नाही.

कुणी म्हणेल, आमच्याकडे मापाबाहेरचे काही नाही, उलट आम्ही वर्षभर समाजकार्यच केले. त्यांच्यासाठी सोन्नलिगेचे सिद्धराम आहेत. सोलापूरच्या या शिवयोग्याने तलाव खोदविला, आणि तो आजही तिथे आहे. असा कर्ता पुरुष, पण अल्लमप्रभू तिथे आले तेव्हा त्यांनी खोदकामाचे कौतुक केले नाही. सिद्धरामांना चिडवून, डिवचून अखेर कल्याणला नेले. तिथे चेन्नबसवण्णांकडून त्यांना इष्टलिंगदीक्षा झाली, असे शून्यसंपादना सांगते. तलाव निरुपयोगी होता असा त्याचा अर्थ नाही. तो खोदताना ‘मी खोदतो’ हा गाळ आत साचत होता, तो अल्लमांना उपसायचा होता. कार्यकर्त्यांच्या ताळेबंदात हे कलम हवे, एवढेच सुचवून पुढे जातो.

राहिला नवा संकल्प. आपले संकल्प बहुधा वाढीचे असतात: जप वाढवीन, दान वाढवीन, पारायण पूर्ण करीन. पंधरा दिवस ते चालतात, मग वैशाखातली लग्ने येतात आणि संकल्प मांडवात हरवतो. लक्कम्मांच्या घरातला नेम उलट प्रकारचा होता. त्यांनी माप ठरविले होते. इतके वेचायचे, याहून जास्त नाही. अशा नेमाचा मोठा फायदा हा की तो मोडला की त्याच संध्याकाळी कळतो, कारण टोपलीत दिसतो. ‘मी चांगला वागेन’ हा संकल्प मोडला हे वर्षअखेरीलाही कळत नाही. तेव्हा यंदा वाढीऐवजी एखादे माप ठरवून पाहा. माझ्या दुकानी उधारीवर इतकेच व्याज, गिऱ्हाईक अडलेले असले तरी याहून जास्त नाही. लग्नात इतकीच पाने. घरकामाच्या बाईची रजा ठरल्याइतकी, आणि त्या दिवसांचे पैसे कापायचे नाहीत. माप लहान असले तरी चालेल, पण मोजता आले पाहिजे.

आणि लक्कम्मा एकट्या नव्हत्या, मारय्याही एकटे नव्हते, हेही विसरू नये. माप ओलांडल्याचे मारय्यांना दिसले नाही, ते दुसऱ्याच्या नजरेला दिसले. म्हणून आपला नेम घरात एका माणसाला सांगून ठेवावा. पत्नीला, पतीला, मोठ्या मुलीला. त्या व्यक्तीला विचारण्याचा अधिकार द्यावा आणि तिने विचारले तर रागावू नये. हे दुसरे पहिल्यापेक्षा कठीण आहे. मारय्यांची थोरवी आम्हाला तांदूळ वेचण्यापेक्षाही, पत्नीने सांगताच निमूटपणे परत फिरण्यात जास्त दिसते.

पाडव्याच्या सकाळी इष्टलिंगपूजा झाल्यावर, कडुलिंब-गूळ तोंडात घालण्याआधी, कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर दोन ओळी लिहाव्यात. वरच्या ओळीत गेल्या वर्षीचे मापाबाहेरचे जे परत करायचे ते, ज्याचे आहे त्याच्या नावासह. खाली नव्या वर्षाचे माप. वरच्या ओळीतले देणे शक्यतो त्याच दिवशी पोचते करावे, कारण पुढल्या पानावर ते श्री शिल्लक म्हणून ओढले गेले तर पुन्हा आपलेच वाटू लागते.

पुढील अंकात नुलिय चंदय्यांचा प्रसंग घेऊ. गवत कापताना लिंग निसटले तरी दोर वळण्याचे कायक न सोडणाऱ्या या शरणाची मडिवाळ माचय्यांनी कशी समजूत घातली, ते वाचकांनी तोवर शून्यसंपादनेतून वाचून ठेवावे.