🐐 शेळी-मेंढी गोल गोल फिरते? जंताचं औषध कुत्र्यालाही द्या

शेळी-मेंढी मान वाकडी करून एकाच बाजूला गोल फिरत असेल, कळपामागे राहत असेल, तर दुर्लक्ष करू नका. हा 'गिड' आजार असू शकतो.

*कसा होतो?*
याचा पट्टकृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो. अंडी विष्ठेतून चाऱ्यावर पडतात, चरताना शेळीच्या पोटात जातात. अळी रक्तातून मेंदूत पोचते. तिथे पाण्याने भरलेला फोड काही महिने वाढत राहतो आणि मेंदूवर दाब येतो. बहुतेक वेळा ज्या बाजूला फोड, त्याच बाजूला जनावर फिरतं. विरुद्ध बाजूच्या डोळ्याला दिसेनासं होतं.

*काय करायचं?*
१) लगेच पशुवैद्यकांना दाखवा. फोड वरच्या भागात असेल तर ऑपरेशन करून काढता येतो. नेहमीचं जंताचं औषध पाजून तो जात नाही.
२) ताप, एक कान लोंबणं, लाळ गळणं दिसलं तर आजार वेगळा असू शकतो, रेबीजसुद्धा. तोंडात हात घालू नका.
३) मेलेल्या किंवा कापलेल्या जनावराचं डोकं कुत्र्याला टाकू नका, खोल पुरा. कुत्र्याने फोड खाल्ला की पुन्हा जंत तयार!
४) राखणीच्या कुत्र्याला पशुवैद्यकांच्या सल्ल्याने ठरावीक दिवसांनी प्राझिक्वांटेल द्या.

एक शेळी आजारी दिसली, तर चाऱ्यातली अंडी बाकीच्यांच्याही पोटात गेलेली असू शकतात. कळपावर लक्ष ठेवा. 🙏