ही गाडी तीच का?

[एखाद्या जुन्या वस्तूचे भाग एकामागून एक बदलत गेले, तर शेवटी हातात उरते ती वस्तू जुनी म्हणायची की नवी? इंग्लंडमधील एका प्रसिद्ध शर्यतीच्या मोटारगाडीबद्दल हा प्रश्न १९९० साली न्यायालयात गेला. त्या गाडीची आणि त्या खटल्याची हकिगत प्रस्तुत पाठात सांगितली आहे.]

विद्यार्थी मित्रांनो, समजा तुमच्या घरी आजोबांनी घेतलेली एक सायकल आहे. पुढे तुमच्या वडिलांनी तिची दोन्ही चाके बदलली. काही वर्षांनी साखळी, पेडल आणि सीट नवी बसवली. मागच्या वर्षी सांगाड्याला तडा गेला, म्हणून दुकानदाराने सांगाडाही बदलून दिला. आता त्या सायकलीत आजोबांच्या वेळची फक्त घंटी उरली आहे. तरी घरात सगळे म्हणतात, "ही आजोबांची सायकल."

हे म्हणणे खरे आहे का? तुम्ही लगेच "हो" म्हणाल. पण कोणी ती सायकल फार मोठी किंमत देऊन विकत घ्यायला आला आणि त्याने विचारले, "यात आजोबांच्या वेळचे काय आहे?" तर तुम्ही काय उत्तर द्याल?

असाच प्रश्न एका मोटारगाडीबद्दल विचारला गेला. तिची किंमत होती एक कोटी पौंड!

शर्यतीची राणी

इंग्लंडमध्ये १९१९ साली वॉल्टर ओवेन बेंटले यांनी मोटारगाड्या तयार करण्याची कंपनी स्थापन केली. बेंटले गाड्या मोठ्या, भक्कम आणि वेगवान असत. त्या वेळी फ्रान्समधील ल माँ या गावी एक आगळी शर्यत सुरू झाली होती. इतर शर्यतींत ठरलेले अंतर आधी कापणारा जिंकतो. ल माँच्या शर्यतीत मात्र गाडी चोवीस तास धावत असते. दोन चालक आळीपाळीने ती चालवत. रात्रीचा अंधार असो की पाऊस असो, गाडी पळतच राहते. चोवीस तासांत जी गाडी सर्वांत जास्त अंतर कापते, ती जिंकते. म्हणून या शर्यतीत वेगाइतकाच टिकाऊपणाही पाहिला जातो.

बेंटले कंपनीचे अध्यक्ष वुल्फ बार्नाटो हे स्वतः उत्तम चालक होते. दक्षिण आफ्रिकेतील हिऱ्यांच्या व्यापारात त्यांच्या वडिलांनी अमाप पैसा मिळवला होता. १९२९ च्या जून महिन्यात बार्नाटो ल माँच्या शर्यतीत उतरले. त्यांच्याबरोबर टिम बर्किन हे दुसरे चालक होते. त्यांची गाडी होती बेंटलेची 'स्पीड सिक्स'. तिचे इंजिन साडेसहा लिटरचे आणि सहा सिलिंडरचे होते. गाडीवर शर्यतीचा क्रमांक रंगवला होता : १. त्या गाडीने चोवीस तासांत सुमारे २,८४० किलोमीटर अंतर कापले आणि ती पहिली आली. पुढच्या वर्षी, १९३० साली, बार्नाटो यांनी ग्लेन किडस्टन यांच्यासोबत पुन्हा ती शर्यत जिंकली. या वेळी अंतर होते सुमारे २,९३० किलोमीटर. लागोपाठ दोन वर्षे ल माँ जिंकणारी ही गाडी 'ओल्ड नंबर वन', म्हणजे 'आपली जुनी एक नंबरची गाडी', या नावाने प्रसिद्ध झाली.

बदल होत गेले

शर्यतीच्या गाडीचे आयुष्य कष्टाचे असते. एका शर्यतीत तिचे जितके भाग झिजतात, तितके साध्या गाडीचे कित्येक वर्षांत झिजत नाहीत. त्यामुळे प्रत्येक शर्यतीनंतर गाडी खोलतात, झिजलेले भाग काढून टाकतात आणि नवे बसवतात. ओल्ड नंबर वनचेही तसेच झाले. १९२९ ची शर्यत संपल्यावर आणि १९३० च्या शर्यतीपूर्वी तिचे पुष्कळ भाग बदलण्यात आले.

१९३१ साली बेंटले कंपनी कर्जात बुडाली आणि रोल्स रॉईस कंपनीने ती विकत घेतली. तरी ओल्ड नंबर वन शर्यतीत धावतच राहिली. इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्स येथे १९०७ साली मोटारींसाठी खास काँक्रीटचा मार्ग बांधला होता. त्याच्या वळणांवर रस्ता एका बाजूने भिंतीसारखा उंच उचललेला होता. तेथे १९३१ मध्ये पाचशे मैलांची शर्यत झाली. जॅक डनफी आणि सिरिल पॉल यांनी ओल्ड नंबर वन चालवली आणि ताशी सुमारे १९० किलोमीटर वेगाने ती शर्यत जिंकली.

१९३२ साली त्याच शर्यतीसाठी गाडीत मोठा बदल केला गेला. साडेसहा लिटरचे इंजिन काढून तिला आठ लिटरचे इंजिन बसवले. या वेळी जॅक डनफी यांच्यासोबत त्यांचे भाऊ क्लाइव्ह हे दुसरे चालक होते. २४ सप्टेंबरला शर्यत सुरू झाली. आधी जॅक यांनी गाडी चालवली. नंतर क्लाइव्ह चालवायला बसले. थोड्याच वेळात उंच वळणावर गाडी कडेला गेली आणि कठड्यावरून पलीकडे कोसळली. क्लाइव्ह डनफी जागीच मरण पावले.

ज्या गाडीने इतके विजय मिळवले, तिच्या नावावर आता एक मृत्यूही लिहिला गेला. मोडलेली गाडी भंगारात टाकता आली असती. पण बार्नाटो यांनी ती पुन्हा बांधून घेतली. या वेळी ती शर्यतीसाठी नव्हती. रस्त्यावर चालवण्यासाठी तिला छपराची, दोन माणसे बसतील अशी बॉडी करून घेतली. पुढे गाडीचे मालक बदलत गेले आणि तिच्यात आणखी बदल झाले. शेवटी ती एडवर्ड हबर्ड नावाच्या इंग्रज गृहस्थांकडे आली.

एक कोटीचा सौदा

७ एप्रिल १९९० रोजी हबर्ड यांनी ओल्ड नंबर वन एका कंपनीला विकण्याचा करार केला. किंमत ठरली एक कोटी पौंड. पण नंतर ती कंपनी सौदा पूर्ण करीना. तिचे म्हणणे होते, "आम्ही ल माँ जिंकलेली गाडी विकत घेत होतो. ही गाडी ती नाहीच!" हबर्ड न्यायालयात गेले.

खरेदीदाराचे म्हणणे अगदीच चुकीचे होते का? तुम्ही त्याच्या जागी असता तर? गाड्यांच्या एका जाणकाराने गाडीचा एकेक भाग तपासून न्यायालयात साक्ष दिली. १९२९ च्या गाडीतले खात्रीने सांगता येईल असे काहीच उरले नव्हते. जे किरकोळ भाग होते, ते कोणत्या वर्षाचे हे सांगणे अशक्य होते. १९३० च्या गाडीतले फक्त तीन भाग राहिले होते : पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचे बाहेरचे आवरण आणि स्टिअरिंगचा खांब. सांगाडा, इंजिन, पुढचा आस असे मोठे भाग १९३२ आणि त्यानंतरचे होते. ज्या लोखंडाने ल माँ जिंकले, ते जवळजवळ सगळे निघून गेले होते.

हा पेच जगात नवा नाही. प्राचीन ग्रीसमध्ये थीसियस नावाच्या वीराचे जहाज अथेन्स शहरात जपून ठेवले होते, अशी कथा आहे. त्याची कुजलेली फळी काढून नवी बसवत. हळूहळू सगळ्या फळ्या नव्या झाल्या. तेव्हा तेथील विचारवंत दोन बाजूंनी वाद घालू लागले. काही म्हणत, हे तेच जहाज आहे. काही म्हणत, नाही. लेखक प्लूटार्क यांनी ही गोष्ट लिहून ठेवली आहे. विचारवंतांना वाद अर्धा सोडून घरी जाता येते. न्यायाधीशाला मात्र निकाल द्यावाच लागतो.

निकाल

न्यायमूर्ती ऑटन यांनी २७ जुलै १९९० रोजी निकाल दिला. त्यांनी आधी शब्दांचे अर्थ नीट वेगळे केले. कारखान्यातून निघाली तशीच असलेली गाडी म्हणजे 'मूळ' गाडी. ओल्ड नंबर वन या अर्थाने मूळ राहिली नव्हती. हे त्यांनी स्पष्टपणे मान्य केले.

मग ती नक्कल होती का? नाही. नक्कल दुसऱ्या गाडीकडे पाहून तयार करतात. ही तशी तयार केलेली नव्हती. मग गाडी मेली आणि पुष्कळ वर्षांनी तिचे विखुरलेले तुकडे गोळा करून कोणी ती पुन्हा उभी केली, असे झाले का? तेही नाही. १९२९ पासून ही गाडी कधी नाहीशी झालीच नव्हती. ती धावली, जिंकली, मोडली, दुरुस्त झाली, विकली गेली. तिचे भाग बदलले, पण ते थोडे थोडे, ती वापरात असतानाच बदलले. तिची साखळी मध्ये कोठेही तुटली नाही. शिवाय, "खरी ओल्ड नंबर वन मी आहे" असा दावा करू शकेल अशी दुसरी एकही गाडी जगात नव्हती.

म्हणून न्यायमूर्तींनी सांगितले की ही गाडी अस्सल आहे आणि 'ओल्ड नंबर वन' हे नाव तिचेच आहे. या सौद्यात केवळ लोखंड विकले जात नव्हते. गाडीचा इतिहास आणि तिची कीर्तीही विकली जात होती. हबर्ड खटला जिंकले.

कागदाची किंमत

मित्रांनो, या निकालात एक गोष्ट लक्षात घ्या. गाडीचा इतिहास अखंड आहे, हे कशावरून सिद्ध होते? नुसत्या सांगण्यावरून नाही. जुन्या गाडीची ओळख पटवण्यासाठी जाणकार लोक सांगाड्याचा क्रमांक, इंजिनचा क्रमांक, नोंदणीचा क्रमांक, कारखान्यातील दुरुस्तीच्या नोंदी, शर्यतींचे निकाल, छायाचित्रे आणि खरेदी-विक्रीचे कागद पाहतात. ओल्ड नंबर वनचा नोंदणी क्रमांक एम. टी. ३४६४ होता. कोणता भाग कधी बदलला, हे कळत होते म्हणूनच खरेदीदाराला शंका घेता आली. आणि गाडी कोठेही हरवली नव्हती, हे कळत होते म्हणूनच मालकाला ती शंका दूर करता आली. नोंदींनी दोघांनाही मदत केली. खरा दस्तऐवज कोणाची बाजू घेत नाही.

आपल्याकडेही हेच आहे. घरी स्कूटर किंवा रिक्षा असेल, तर तिच्या नोंदणीचे पुस्तक किंवा कार्ड, म्हणजे आर. सी., पाहा. त्यावर मालकाचे नाव, चॅसी नंबर आणि इंजिन नंबर असतो. गाडी विकली, तर नव्या मालकाचे नाव नोंदवावे लागते. इंजिन बदलले, तरी आर. टी. ओ. कार्यालयाला कळवावे लागते. भाग बदलणे हा गुन्हा नाही. बदल लपवणे ही मात्र फसवणूक आहे.

'अस्सल', 'नक्कल', 'दस्तऐवज', 'दावा', 'मालक' हे शब्द तुम्हांला परके वाटले नसतील. तुमच्या उर्दूत ते थोड्याफार फरकाने आहेतच. अरबी-फारसीतून ते मराठीत आले, येथील कचेऱ्यांत आणि बाजारांत रुळले. त्यांचे उच्चार थोडे बदलले, लिपी बदलली, तरी शब्द तेच आहेत!

आता आजोबांच्या सायकलीकडे पुन्हा वळू या. ती सायकल आजोबांचीच आहे, असे तुम्हांला वाटते ना? मग एक वही घ्या. सायकल कोणी, कधी, कोठून घेतली, कोणता भाग केव्हा बदलला, ती कोणी कोणी चालवली, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. त्यांना आज आठवते आहे, तोवर लिहा. पुढे कोणी विचारले, "ही सायकल तीच का?" तर तुम्हांला वही उघडून दाखवता येईल.

शब्दार्थ

आळीपाळीने – एकानंतर एक, पाळी लावून
अमाप – मोजता येणार नाही इतका
पेच – अडचणीचा प्रश्न
आस – ज्यावर चाक फिरते तो दांडा
करार – दोघांनी मान्य करून केलेला लेखी ठराव
अखंड – मध्ये न तुटलेला
कीर्ती – प्रसिद्धी, नावलौकिक

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) ल माँच्या शर्यतीत कोणती गाडी जिंकते?
(२) १९२९ च्या शर्यतीत बार्नाटो यांच्याबरोबर दुसरे चालक कोण होते?
(३) १९३० च्या गाडीतले कोणते तीन भाग राहिले होते?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) खरेदीदार कंपनीने सौदा पूर्ण करायला नकार का दिला?
(२) 'मूळ' आणि 'अस्सल' या दोन शब्दांत न्यायमूर्तींनी कोणता फरक केला?

प्र. ३. तुमचे मत लिहा.
तुम्ही न्यायाधीश असता, तर कोणता निकाल दिला असता? कारणे द्या.

प्र. ४. विरुद्ध अर्थाचे शब्द लिहा.
अस्सल, खरेदी, जुना, विजय, प्रसिद्ध

प्र. ५. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत आढळणारे आणखी पाच शब्द या पाठातून शोधा आणि त्यांचा वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : तुमच्या घरातील एका जुन्या वस्तूचा इतिहास वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळींत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.