दगडफूल कुजते तेव्हा जमिनीला काय मिळते?

कोकणात आंबा-फणसाच्या जुन्या खोडांवर आणि जांभ्याच्या गडग्यांवर राखाडी-हिरवट खपल्या वाढलेल्या दिसतात. मसाल्यातील दगडफूल याच गटातील होय. शास्त्रीय भाषेत यांना शैवाक म्हणतात. बुरशी व शेवाळ यांच्या सहजीवनातून शैवाक तयार होते. शेवाळ अन्न तयार करते, तर बुरशी आधार देते व ओलावा धरून ठेवते. शैवाक बांडगुळाप्रमाणे झाडाचा रस शोषत नाही. पाऊस व धुळीतून क्षार मिळविते. म्हणून केवळ शैवाक दिसले एवढ्यावरून बुरशीनाशकावर खर्च करू नये.

कुजण्याची क्रिया

गळून पडलेले शैवाक पावसात भिजले की त्यातील पालाशासारखे विद्राव्य घटक प्रथम धुपून जमिनीत उतरतात. पुढे सूक्ष्म जिवाणू व बुरशी उरलेला भाग कुजवितात आणि नत्र व स्फुरद हळूहळू मोकळे होतात. अनेक शैवाकांतील विशिष्ट आम्लांमुळे ही क्रिया मंद चालते.

नत्र किती?

सर्वच शैवाके हवेतील नत्र स्थिर करीत नाहीत. भातखाचरात वापरल्या जाणाऱ्या नॉस्टॉकसारखे निळे-हिरवे शेवाळ ज्यांत असते, तीच हे काम करतात. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील जुन्या सूचिपर्णी जंगलांत लोबेरिया नावाचे असे शैवाक गळून कुजते व जंगलास नत्र पुरविते. बहुतेक शैवाकांत मात्र साधे हिरवे शेवाळ असते. म्हणून बागेत शैवाकास पूरक सेंद्रिय पदार्थच समजावे. मोठ्या आंबा कलमास द्यावयाचे ५० किलो शेणखत व शिफारशीची खते त्यामुळे कमी करू नयेत.

शेतकरी बंधूंनी काय करावे?

१) शैवाकासाठी खोडाची साल खरवडू नये, सालीस इजा होते.

२) गळालेल्या, शैवाक असलेल्या काटक्या व पालापाचोळा राबात जाळू नये. जाळल्याने नत्र हवेत निघून जाते व सेंद्रिय कर्ब नष्ट होतो. राखेत मुख्यतः पालाश व चुना उरतो.

३) हा पालापाचोळा बारीक करून शेणकाल्यासह कंपोस्ट खड्ड्यात थरांनी भरावा किंवा खोडापासून दूर, आळ्यात आच्छादन म्हणून पसरावा.

४) रोगट किंवा खोडकिडीच्या फांद्या मात्र वेगळ्या काढून नष्ट कराव्यात.

अतिपावसात अन्नद्रव्ये धुपून जाणाऱ्या जांभ्या जमिनीत सेंद्रिय पदार्थाची प्रत्येक पाटी मोलाची आहे. ती जाळण्यापेक्षा कुजविणेच फायद्याचे ठरते.